नऊ घोडे गेले कुठे?

आयुष्यभर मी इंजिनं अडवायचं काम केलं. कुणी विचारलं, काय करता, तर मी म्हणायचो, "ब्रेकवर असतो." लगेच समोरचा म्हणायचा, "मग आमच्या फटफटीचे ब्रेक जरा बघून द्या ना." त्यांना काय समजावणार! आमचा ब्रेक गाडी थांबवण्यासाठी नव्हता, इंजिनाची ताकद मोजण्यासाठी होता. आणि ताकद मोजायची तर अडवावंच लागतं. नुसते हवेत हात फिरवणाऱ्या पैलवानाचा जोर कुणाला कळणार? त्याच्याशी पंजा लढवायला बसलं की कळतो.

परळला होमीशेट नावाच्या पारशी गृहस्थांचा इंजिनं दुरुस्त करायचा कारखाना होता. बसची, ट्रकची, लाँचची, सगळी इंजिनं तिथे येत. मागच्या बाजूला पत्र्याची एक खोली होती, तिच्यात आमचा पाण्याचा ब्रेक. एक लोखंडी पिंप, त्यात पाणी, पाण्यात पात्यांचं चाक. इंजिन त्या चाकाला जोडायचं आणि सोडायचं. चाक पाणी घुसळतं, घुसळलेलं पाणी पिंपाला आपल्याबरोबर फिरवू बघतं. पिंपाला एक लांब लोखंडी हात असतो, तो खालच्या काट्यावर दाबला जातो. दाब किती ते काट्यावर वाचायचं, इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय ते घड्याळावर वाचायचं, दोन्हींचा गुणाकार मांडायचा, की निघाले घोडे. हॉर्सपॉवर हा शब्द आम्ही कधी पुरता उच्चारलाच नाही. आम्ही घोडेच म्हणायचो.

इंजिनाचा थ्रॉटल, म्हणजे हवा-पेट्रोल आत सोडणारी झडप, पूर्ण उघडला की पत्रे थरथरायचे, पायाखालची फरशी हुळहुळायची, धुराच्या नळीचा रंग काळ्याचा लाल व्हायचा, आणि मी कानात कापसाचे बोळे घालून काट्यापुढे वाकलेला असायचो. काय सांगू, अंगावर काटा यायचा. मी डिलाईल रोडच्या चाळीतला, वडील गिरणीत. आम्ही नुकतेच बौद्ध झालो होतो, मी मेकॅनिकलचा डिप्लोमा पुरा केला होता, आणि घरात सगळंच नव्याने सुरू झाल्यासारखं वाटत होतं. त्यात ही अशी गर्जणारी नोकरी! मी सकाळी कामावर अक्षरशः धावत जायचो.

इंजिन उघडायचं आणि जोडायचं काम सावंत मिस्त्रींचं. मूळचे मालवणकडचे, राहायला लालबागला. माझ्याहून वीस-पंचवीस वर्षांनी मोठे. ते जोडायचे आणि मी मोजायचो. मोजलेला आकडा मी भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहायचो, आणि तो मिस्त्रींच्या मनासारखा आला की ते पान थुंकून यायचे आणि मगच हसायचे.

गिऱ्हाईक मात्र आकड्यावर क्वचितच खूश असायचं. "कंपनीने तर बहात्तर लिहिलेत, तुमच्याकडे पासष्टच कसे?" हे रोजचं. कंपनीच्या छापील पत्रकातले घोडे म्हणजे लग्न जमवताना सांगितलेला मुलाचा पगार. तो खोटा नसतो, पण त्यात ओव्हरटाइम आणि बोनस धरलेला असतो. तिकडे निवडक इंजिन घेतात, त्याचा पंखा काढतात, डायनामो काढतात, थंड देशाची गार हवा त्याला पाजतात आणि जो आकडा येईल तो छापतात. एकदा शीव कोळीवाड्याचे एक नाखवा नव्या होडीचं इंजिन हातगाडीवर घालून घेऊन आले. म्हणाले, यातली ताकदच गेली. ब्रेकवर चढवलं तर इंजिन ठणठणीत. मिस्त्री स्वतः खाडीवर जाऊन होडी बघून आले. होडीच्या पाण्याखालच्या पंख्याला जुन्या जाळ्याचा गुंडा अडकलेला होता. नाखवा इतके हसले की त्यांनी दुसऱ्या दिवशी आम्हाला टोपलीभर मासळी आणून दिली.

पण सगळ्याच गोष्टी अशा हसण्यावारी गेल्या नाहीत. मला सांगायची आहे ती गोष्ट दोन लाल गाड्यांची.

दोन्ही इंग्लंडहून एकाच बोटीने आलेल्या. दोन माणसं बसतील एवढ्याच, बुटक्या, लांब नाकाच्या, वर कापडी टप. एक घेतली होती डॉक्टर रेग्यांनी. हे शिवाजी पार्कला राहायचे, हाडांचे डॉक्टर. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रत्येक सभेला हजर, आणि मोर्च्यात कुणाचा हात-पाय मोडला की त्याला फुकट प्लॅस्टर घालून देणारे. दुसरी घेतली किशोरभाईंनी. त्यांची भुलेश्वरला कापडाची पेढी. लहानपण फणसवाडीच्या तोंडाशी गेलेलं, त्यामुळे मराठी आमच्याइतकंच मराठी. दोघे शाळेपासूनचे मित्र. एकाने गाडी पसंत केली म्हणून दुसऱ्याने तीच घेतली, तोच रंग घेतला. डॉक्टर त्यांना 'किशा' म्हणायचे आणि ते डॉक्टरांना 'बाळ्या'. दोन्ही गाड्यांचं तेलपाणी आमच्याकडे, म्हणजे सावंत मिस्त्रींच्या हातून.

जुहूच्या विमानांच्या धावपट्टीवर तेव्हा अधूनमधून गाड्यांच्या शर्यती व्हायच्या. हे दोघे हौसेने उतरले. आणि डॉक्टरांची गाडी किशोरभाईंच्या पुढे अशी काही निघून गेली की लोकांना वाटलं, मागची बंद पडली. पुढच्या शर्यतीत तेच. तिच्या पुढच्या शर्यतीत तेच. कमी ताकदीच्या गाडीत बसून हरणं वेगळं. दोन सारख्या गाड्या, सारखा रंग, आणि आपली मात्र पायात बेडी घातल्यासारखी धावते, हे त्यांना लागलं.

एरवी हे चेष्टेवारी गेलं असतं. पण दिवस साधे नव्हते. मुंबई कुणाची, या प्रश्नावर गोळीबार होऊन गेला होता, माणसं मेली होती. शेजारी शेजाऱ्याशी जपून बोलत होता. किशोरभाईंच्या पेढीवर एकदा दगड पडले होते. अशात त्यांच्या मेहुण्यांनी त्यांच्या कानात घातलं की गाडी दुरुस्त करणारा मराठी, मोजणारा मराठी, जिंकणारा मराठी, हे सगळे आतून एक आहेत. डॉक्टरांच्या इंजिनात काहीतरी घातलंय, नाहीतर तुमच्यातून काहीतरी काढलंय.

एका सकाळी किशोरभाई मेहुण्यांना घेऊन कारखान्यात आले. नेहमी आल्या आल्या मिस्त्रींच्या पाठीवर थाप मारणारा माणूस, त्या दिवशी सरळ होमीशेटच्या केबिनमध्ये गेला. काचेच्या भिंतीतून आम्हाला सगळं दिसत होतं. मेहुणे हात उडवून बोलत होते, किशोरभाई खाली बघत होते. मग होमीशेटनी आम्हा दोघांना आत बोलावलं.

"सावंत," होमीशेट म्हणाले, "आ लोक बोलतात, तू डॉक्टरच्या इंजिनमध्ये हात मारला. हेड घासला. खरं?"

हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण. ते खालून घासून पातळ केलं की आतला वायू जास्त दाबला जातो आणि ताकद वाढते. शर्यतवाले हे करतात. पण एकाचं करायचं आणि दुसऱ्याला अंधारात ठेवायचं, ही बेइमानी.

मिस्त्रींचा चेहरा दगडासारखा झाला. "शेट, ह्या दोन इंजिनांचा हेड मी अजून उघडलंयच नाय," ते म्हणाले. "खोटा निघाला तर हत्यारां हय ठेवून मी घराक जातंय. पण आधी मोजा."

"मोजणारच," मेहुणे म्हणाले. "आमच्यासमोर मोजायचं."

होमीशेटनी मान डोलावली. "दोन्ही इंजिन काढ. ब्रेकवर चढव. सावंतचा हात निघाला तर सावंत बाहेर. नाय निघाला तर तुम्ही माफी मागायची."

डॉक्टरांना फोन गेला. ते तणतणत आले. "किशा, तू मला लबाड समजतोस?" त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. किशोरभाई म्हणाले, "मी काहीच समजत नाही बाळ्या. मला फक्त कळायला हवं." डॉक्टरांनी गाडीची किल्ली टेबलावर टाकली आणि ते गेले.

मे महिना होता. दोन्ही इंजिनं काढून झाल्यावर पहिल्यांदा डॉक्टरांचं चढवलं. सकाळी लवकर, खोलीचे दोन्ही दरवाजे सताड उघडे. इंजिन गरम केलं, थ्रॉटल उघडला. काय सुंदर आवाज होता! चार सिलिंडर एका सुरात. काटा चढत गेला, मी आकडा मांडला, फळ्यावर लिहिला: अडुसष्ट. मग ते उतरवून किशोरभाईंचं जोडेपर्यंत दुपार झाली. तेच पेट्रोल, तोच ब्रेक, तेच फेरे. काटा चढला आणि मध्येच रेंगाळला. मी पाण्याची झडप फिरवून बघितली, पुन्हा वाचलं, आणि लिहिलं: एकोणसाठ.

नऊ घोडे!

 मेहुणे फक्त एवढंच म्हणाले, "झालं ना आता?" किशोरभाई फळ्याकडे बघतच राहिले. मिस्त्री हात पुसायचं फडकं हातात तसंच धरून उभे. त्यांच्या डोळ्यांत मी कधी भीती पाहिली नव्हती. त्या दिवशी पाहिली.

भीती मलाही वाटत होती. खोटं सांगत नाही, त्या भीतीच्या खाली मला एक विलक्षण उत्सुकता वाटत होती. एकाच साच्यातली दोन इंजिनं, आणि नऊ घोड्यांचा फरक? ते गेले कुठे? पहिला संशय मी माझ्याच काट्यावर घेतला. ब्रेकच्या लोखंडी हाताला माहितीतली वजनं टांगून बघितली. काटा बरोबर होता. मग मी कपाळाचा घाम पुसला आणि तसाच थांबलो. सकाळी मला घाम नव्हता. सकाळी दारातून खाडीचा वारा येत होता. आता डोक्यावरचा पत्रा तापलेला, दोन इंजिनांनी खोली भट्टीसारखी केलेली, आणि इंजिन श्वास घेत होतं तो याच खोलीतला.

"डॉक्टरांचं पुन्हा चढवा," मी ओरडलो. "उद्या दुपारी. याच वेळेला!"

"त्याचं तर झालं मोजून," मेहुणे म्हणाले.

"म्हणूनच!"

दुसऱ्या दुपारी तेच इंजिन, ज्याला कुणी बोट लावलं नव्हतं, त्याने दिले चौसष्ट. मी फळ्यावर आकडा लिहिला तेव्हा माझा खडू तुटला. आदल्या दिवशीच्या त्याच इंजिनातून चार घोडे एका रात्रीत नाहीसे झाले होते! कुणी चोरले? उन्हाने.

मी किशोरभाईंना समजावलं ते असं. इंजिन पेट्रोलवर चालतं असं आपण म्हणतो, पण त्याहून जास्त ते हवा खातं. दर घोटाला ते तेवढंच भांडं भरून हवा ओढतं. गार हवा म्हणजे घट्ट ताक, गरम हवा म्हणजे पाणी घातलेलं ताक. भांडं तेवढंच, पण आत कस कमी. त्यात मुंबईची दमट हवा. हवेच्या जागी थोडी वाफच पोटात जाते. म्हणून दोन इंजिनांची तुलना करायची तर हवा सारखी पाहिजे, तेल सारखं तापलेलं पाहिजे, पाणी सारखं पाहिजे. नाहीतर आपण इंजिन मोजत नाही, सकाळ आणि दुपार मोजतो.

किशोरभाई हुशार माणूस. क्षणभर त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "पण कांबळे," ते म्हणाले, "जुहूला तर आम्हा दोघांना एकच हवा होती. तिथे मी का हरलो?"

अगदी खरं होतं. चार घोडे हवेत विरले तरी पाच उरत होते. आणि ते पाच मिस्त्रींच्या मानेवर बसलेले होते.

ते शोधायचे तर दोन्ही इंजिनं खोलायला हवी होती, आणि डॉक्टर आता हट्टाला पेटले. "माझं इंजिन परत बसवा. मी आरोपी नाही," असा निरोप आला. त्याच सुमाराला हरताळाची हाक आली. किशोरभाई त्या दिवशी एकटेच, चालत, सकाळीच कारखान्यात येऊन बसले होते. त्यांना घरी चैन पडत नव्हतं. दुपारी होमीशेटनी कारखाना बंद केला आणि आम्ही फाटकाबाहेर आलो, तर लालबागच्या बाजूने मोर्चा येत होता. 'झालाच पाहिजे'च्या आरोळ्यांनी रस्ता दणाणून गेला होता. खरं सांगायचं तर माझे पायही तिकडे ओढले जात होते. किशोरभाईंनी फाटकाची कडी धरली. रस्त्यावर टॅक्सी नाही, ट्राम नाही. गोरे, जाड भिंगांचा चष्मा, तलम धोतर. ते कोण हे सांगावं लागलं नसतं.

मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलं. "चला शेट, माझ्या घराक. हयच असा. गर्दी सरली की जावा."

आम्ही तिघे मोर्च्याच्या कडेकडेने निघालो. मिस्त्री किशोरभाईंच्या डाव्या बाजूला, मी उजव्या. एकदोघांनी वळून बघितलं. एकाने विचारलं, "ओ सावंत, हे कोण?" मिस्त्री न थांबता म्हणाले, "माझो पावणो." बस. पुढे कुणी काही विचारलं नाही.

चाळीतल्या त्यांच्या खोलीत मिस्त्रीणबाईंनी आम्हाला जेवायला बसवलं. किशोरभाई ताटाकडे जरा चाचरून बघत होते. बाई हसल्या. "भियां नको, भाऊ. आज सोमवार. घरात मासो नाय." भात, डाळ, वालीची भाजी आणि सोलकढी. किशोरभाईंनी सोलकढी दोनदा मागून घेतली. खाली मोर्चा अजून जात होता, आणि आरोळ्या थांबल्या की मधल्या शांततेत आमच्या भुरक्यांचा आवाज यायचा.

जेवण झाल्यावर किशोरभाई म्हणाले, "मिस्त्री, मी तुमच्या घरी जेवलो. आता विचारायची लाज वाटते. पण विचारतो. तुम्ही काही केलंत का?"

"तुमच्या गाडीचा तेल मी बदललंय, प्लग साफ केलंय," मिस्त्री म्हणाले. "डॉक्टरांच्या गाडीचाय तेवढाच. जास्त नाय, कमी नाय. पण शेट, माझ्या शब्दान तुमचा समाधान होवचा नाय. इंजिन उघडूया. डॉक्टरांकडे मी जातंय."

आणि ते गेले. मीही बरोबर गेलो. शिवाजी पार्कच्या त्या घरात डॉक्टर आम्हाला पायरीवरच म्हणाले, "सावंत, तुमच्याबद्दल मला शंका नाही. मग उघडायचं कशाला?"

"तुमका नाय, त्यांका असा," मिस्त्री म्हणाले. "डॉक्टर, तुमच्याकडे हाड मोडलेलो माणूस येता. तुम्ही त्येचा बोलणा ऐकून प्लॅस्टर घालतास, की आधी फोटो काढतास?"

 डॉक्टर मोठ्याने हसले. "काढा फोटो," ते म्हणाले, "पण मी बघायला येणार."

पुढचे दिवस माझ्या नोकरीतले सगळ्यात रंगलेले दिवस. एकेक वस्तू या इंजिनाची काढून त्या इंजिनाला लावायची आणि बघायचं, घोडे वस्तूबरोबर जातात की जागीच राहतात. रोज दुपारी, त्याच वेळेला. पहिल्यांदा हवेत पेट्रोल मिसळणारे कार्बुरेटर, इंजिनामागे दोन-दोन, अदलाबदल केले. काटा वर गेला आणि मी आरडाओरडा केला, कारण किशोरभाईंचं इंजिन एकोणसाठवरून एकसष्टावर गेलं आणि डॉक्टरांचं दोनाने खाली आलं. दोन घोडे रांगेत एका तबेल्यातून दुसऱ्या तबेल्यात गेले! मिस्त्रींनी किशोरभाईंचे कार्बुरेटर खोलले. आत पेट्रोल मोजून सोडणारी एक निमुळती सुई असते. दोनपैकी एकाची सुई आपल्या जागेहून केसभर खाली बसलेली, त्यामुळे दोन सिलिंडर अर्धपोटी. आणि सुई धरणाऱ्या स्क्रूवर कारखान्यातून लावून आलेला रंगाचा ठिपका अखंड होता. म्हणजे तिला इथे कुणी हात लावलेला नव्हता. ती तशीच जन्मली होती. मेहुणे भिंग घेऊन तो ठिपका बघत बसले आणि दुसऱ्या दिवसापासून ते आलेच नाहीत.

मग दोन्ही हेडं काढली. सगळे टेबलाभोवती जमले. डॉक्टर हात पाठीमागे बांधून उभे, किशोरभाई त्यांच्यासमोर, दोघे एकमेकांशी न बोलता. मिस्त्रींनी दोन्ही हेडची जाडी मोजली. तंतोतंत सारखी. खालच्या बाजूवर यंत्राने उमटवलेल्या बारीक रेघा दोन्हींवर जशाच्या तशा. घासलेलं असतं तर त्या रेघा राहिल्या नसत्या.

"मग?" डॉक्टर म्हणाले.

मी दोन्ही हेडं उलटी ठेवली. सिलिंडरवर येणाऱ्या त्यांच्या खळग्यांमध्ये काचेच्या मोजनळीतून रॉकेल सोडलं. डॉक्टरांच्या हेडचे खळगे भरले. किशोरभाईंच्या हेडच्या खळग्यांना मात्र प्रत्येकी थोडं थोडं जास्त रॉकेल लागलं. ओतीव लोखंड ते. वाळूच्या साच्यात ओततात. साचा जरा हलला, वाळू जरा सरकली, की खळगा मोठा होतो. खळगा मोठा तर दाब कमी, दाब कमी तर ताकद कमी. शिवाय हेडला हवेची नळी जोडतात तिथलं गॅस्केट, म्हणजे मधली पातळ पट्टी, हवेच्या वाटेत जरासं पुढे आलेलं. दाराच्या उंबऱ्यात कुणी चप्पल ठेवावी तसं.

"एकाच आईच्या पोटची दोन मुलं," मी म्हणालो, "पण एकाचा दम जन्मतःच जरा कमी. कुणाचाच दोष नाही."

गॅस्केट कापून, किशोरभाईंचं हेड सगळ्यांसमोर घासून, खळगे सारखे करून पुन्हा मोजलं, तेव्हा आणखी दोन घोडे परत आले. उरला एक. डॉक्टर गाडी घेऊन वारंवार घाट चढून पुण्याला जायचे, त्यामुळे त्यांचं इंजिन आतून मोकळं झालेलं. किशोरभाईंची गाडी फिरायची चौपाटीपर्यंत. तिचे पिस्टन अजून नव्या चपलेसारखे चावत होते. नववा घोडा मी त्या घर्षणाच्या नावावर लिहिला. पण छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पुढे तीस वर्षं मी इंजिनं मोजली आणि प्रत्येक जोडीत एखादा घोडा असा निघायचाच, ज्याचा ठावठिकाणा लागायचा नाही.

होमीशेटनी फळ्यावरचा माझा हिशेब वाचला, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "साला, आ तर खून नाय झाला, अपघात पण नाय झाला!" मग ते किशोरभाईंकडे वळले.  किशोरभाई मिस्त्रींपुढे गेले आणि त्यांनी हात जोडले. मिस्त्रींनी त्यांचे जोडलेले हात आपल्या तेलकट हातांनी खाली केले. त्या पांढऱ्याशुभ्र बाह्यांवर काळे पंजे उमटले. कुणी ते पुसले नाहीत.

वाईट एवढ्याचंच वाटतं, की हे सगळं करायला यंत्र लागलं. चांगल्या दिवसांत दोन मित्रांना ब्रेकची गरज पडली नसती. मेहुण्यांनी माफी मागितली नाही, आणि मिस्त्रींनी तिची वाटही पाहिली नाही. पण पुढे बरेच महिने नवं गिऱ्हाईक आलं की ते इंजिनाला हात लावण्याआधी म्हणायचे, "तुम्ही बघीत रवा हां." ते ऐकलं की मला कसंतरी व्हायचं.

पावसाळा संपून हवा गार झाली तेव्हा जुहूला पुन्हा शर्यत ठरली. दोन्ही इंजिनं आम्ही जुळवून बसवली होती, टायरांतली हवासुद्धा मी स्वतः मोजली होती. होमीशेटच्या व्हॅनमधून मी आणि मिस्त्री गेलो. समुद्राकडून वारा येत होता. निशाण पडलं आणि दोन लाल गाड्या एकदम सुटल्या. या वेळी कुणी मागे पडलं नाही! चाकाला चाक लावून, नाकाला नाक लावून त्या आमच्यापुढून गेल्या, आणि मी उड्या मारत कुणाचं नाव घेऊन ओरडतोय हे मलाच कळत नव्हतं. वळणावरून परत येताना किशोरभाई क्षणभर पुढे होते. शेवटच्या टप्प्यात डॉक्टरांची गाडी अर्ध्या नाकाने पुढे सरकली आणि तशीच रेषेपार गेली.

 आता हा माणूस काय म्हणणार? किशोरभाई गाडीतून उडी मारून उतरले, चष्मा कपाळावर, तोंडभर धूळ, आणि हसत सुटले.

"हरलो!" ते ओरडले. "मिस्त्री, कांबळे, मी हरलो! गाडी नाही हरली, मी हरलो!"

"तिसरो गियर टाकूक उशीर केल्यात, शेट," मिस्त्री म्हणाले.

"केला ना! मला कळलं! तिथेच गेलं!" आपली चूक सापडल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मागून डॉक्टर आले आणि त्यांच्या खांद्याला धरून म्हणाले, "किशा, चल, बस माझ्या शेजारी. गियर कसा टाकतात ते दाखवतो."

किशोरभाई त्यांच्या गाडीत जाऊन बसले. निघता निघता वळून त्यांनी आपली किल्ली मिस्त्रींकडे फेकली. "तुम्ही पण या की मागून!"

सावंत मिस्त्रींनी मुंबईतल्या निम्म्या गाड्या दुरुस्त केल्या असतील, पण परळच्या गल्लीतल्या एका फेरीपलीकडे कुठली चालवली नव्हती. त्यांनी किल्लीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बस कांबळे," ते म्हणाले. आम्ही दोघे त्या बुटक्या गाडीत कसेबसे मावलो. इंजिन एका झटक्यात लागलं. समोर धावपट्टी लांबवर मोकळी पडली होती. मिस्त्रींनी डोक्यावरची काळी टोपी काढून माझ्या मांडीवर ठेवली, म्हणाले, "घट्ट धर," आणि पाय दाबला.